बेळगावचे महापौरपद आणि समितीचा चुकलेला हिशेब

बेळगाव महापालिकेत महापौर निवडीचा दिवस जवळ आला की शहरातल्या मराठी माणसांत एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, बेळगावसह सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दिवस संपले. आता राष्ट्रीय पक्षांतून जे मिळेल ते पदरात पाडून घ्यावे. दुसरी बाजू म्हणते, मराठी माणूस एक झाला की महापौर आपलाच, बाकी सारे आपोआप होईल. गल्लीतल्या कट्ट्यांवर, मंडळांच्या बैठकांत आणि वाचकांच्या पत्रव्यवहारात हा वाद इतक्या वेळा झाला आहे की समोरचा पुढे काय बोलणार हे दोघांनाही आधीच ठाऊक असते. मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि दोघींची चूक एकच आहे. महापौरपद हीच समितीच्या ताकदीची मोजपट्टी आहे, असे दोघीही धरून चालतात.

माझे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. येत्या पालिका निवडणुकीनंतर समितीचा महापौर होण्याची शक्यता थोडी आहे, आणि सगळी शक्ती त्या एका पदासाठी पणाला लावणे हा चुकीचा हिशेब आहे. मात्र 58 पैकी पंधरा ते अठरा जागा एका चिन्हावर, एका शिस्तीत आणि शहराच्या कामांचा ठोस कार्यक्रम घेऊन जिंकणे समितीच्या आवाक्यात आहे. अशी तुकडी पाच वर्षे सभागृहात बसली तर ती मराठीच्या हक्कांना आणि सीमाप्रश्नालाही एका वर्षाच्या महापौरापेक्षा अधिक उपयोगी पडेल. हे म्हणणे अनेकांना पराभूत मनोवृत्तीचे वाटेल, याची मला कल्पना आहे. म्हणूनच ते सविस्तर मांडणे भाग आहे.

प्रथम महापौर होतो कसा ते पाहू, कारण वाद घालणाऱ्यांपैकी बरेच जण ही निवड जणू थेट जनतेतून होते असे गृहीत धरून बोलतात. कर्नाटकातील महापालिकांच्या 1976 च्या कायद्यानुसार महापौराची निवड नगरसेवक करतात, आणि त्यांच्याबरोबर शहराशी संबंधित आमदार, खासदार व विधान परिषद सदस्यांनाही मताचा अधिकार असतो. मुदत एक वर्षाची. पद कोणत्या प्रवर्गासाठी राखीव असेल हे राज्य सरकारचा तक्ता ठरवतो. प्रशासनाचा कारभार आयुक्तांच्या हाती असतो आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. म्हणजे समितीला महापौर करायचा असेल तर केवळ तीस नगरसेवक पुरत नाहीत, कारण आमदार-खासदारांची मते आज सगळीच्या सगळी राष्ट्रीय पक्षांच्या पारड्यात आहेत. 2018 पासून विधानसभेत समितीचा एकही आमदार नाही. त्यातून बहुमत मिळालेच, तरी त्या वर्षीच्या आरक्षणात बसणारा नगरसेवक आपल्या गटात असावा लागतो. 2018 मध्ये नेमके हेच घडले. सभागृहात मराठी गट मोठा होता, पण महापौरपद अनुसूचित जमातीसाठी राखीव झाले, त्या प्रवर्गातला नगरसेवक मराठी गटाकडे नव्हता, आणि बसप्पा चिक्कलदिन्नी महापौर झाले. त्यावेळी आरक्षणाच्या तक्त्यावर पुष्कळ टीका झाली आणि तिच्यात तथ्य असेलही. पण आपल्या चळवळीत त्या समाजाचा एकही निवडून येण्याजोगा कार्यकर्ता का नव्हता, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तो विचारायला हवा होता.

आता समजा, बहुमत मिळाले, आरक्षणही जुळले आणि समितीचा महापौर खुर्चीवर बसला. पुढे काय? याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. 2005 मध्ये बेळगाव महापालिकेत समितीचे बहुमत होते, विजय मोरे महापौर होते आणि बेळगाव महाराष्ट्रात सामील करावे असा ठराव सभागृहाने संमत केला. नोव्हेंबरमध्ये बंगळूरात कन्नड संघटनेच्या कार्यकर्त्यांनी महापौरांच्या तोंडाला काळे फासले, आणि राज्य सरकारने पालिकाच बरखास्त केली. लोकांनी निवडून दिलेल्या शहराच्या प्रथम नागरिकाची राजधानीत अशी विटंबना व्हावी आणि शिक्षा मात्र त्याच्याच सभागृहाला व्हावी, ही गोष्ट कोणत्याही भाषेच्या लोकशाहीवादी माणसाला लाज आणणारी आहे. 2011 मध्ये मंदा बाळेकुंद्री महापौर असताना सीमाभागातील मराठी माणसे 1 नोव्हेंबरला निषेध म्हणून पाळतात त्या काळ्या दिनातील सहभागावरून पुन्हा वादळ उठले आणि पुन्हा पालिका बरखास्त झाली. पहिल्या वेळी बंगळूरात काँग्रेस आणि धर्मनिरपेक्ष जनता दलाचे सरकार होते, दुसऱ्या वेळी भाजपचे. या बाबतीत बंगळूरातल्या सरकारचा रंग कोणता आहे याने काहीही फरक पडत नाही, एवढे यातून सिद्ध होते.

या दोन प्रसंगांतून आपण फक्त अन्यायाची आठवण जपली. त्यांतला राजकीय धडा घेतला नाही. महापौरपद आणि बहुमत दोन्ही हातात असताना समितीला जे करता आले ते एका ठरावापुरते होते, आणि त्या ठरावाची किंमत म्हणून सभागृहच हातचे गेले. सभागृह गेले की प्रशासक येतो. प्रशासकाच्या काळात पाण्याच्या कंत्राटापासून फलकांवरच्या भाषेपर्यंत सगळे निर्णय होतात, आणि त्यांवर प्रश्न विचारायला एकही नगरसेवक नसतो. मार्च 2019 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली, सप्टेंबर 2021 मध्ये निवडणूक झाली, आणि महापौर निवडला गेला तो 6 फेब्रुवारी 2023 रोजी. जवळजवळ चार वर्षे बेळगावला लोकनियुक्त महापौर नव्हता. या काळात शहरातल्या मराठी माणसाचे नुकसान कन्नड महापौर झाल्यामुळे झाले नाही. सभागृहच नसल्यामुळे झाले.

समिती संपली म्हणणाऱ्यांचा सगळा भर 2021 च्या निकालावर असतो. त्या निवडणुकीत भाजप आणि काँग्रेस प्रथमच आपापल्या पक्षचिन्हांवर पालिकेच्या रिंगणात उतरले. भाजपला 58 पैकी 35 जागा मिळाल्या, काँग्रेसला 10, आणि ज्या समितीने आधीच्या सभागृहांत मराठी गटाचे नेतृत्व केले तिचे नगरसेवक बोटांवर मोजण्याइतके उरले. हा पराभव मोठा होता आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच वर्षी, अवघे काही महिने आधी, बेळगाव लोकसभेची पोटनिवडणूक झाली होती. तिच्यात समितीचे तरुण उमेदवार शुभम शेळके यांना 1,17,174 मते पडली होती, आणि विजयी उमेदवाराचे मताधिक्य जेमतेम पाच हजारांच्या घरात होते. पुढे 2023 च्या विधानसभा निवडणुकीत बेळगाव दक्षिण मतदारसंघात समितीचे रमाकांत कोंडुसकर साठ हजारांहून अधिक मते घेऊन सुमारे 12 हजारांनी हरले. हा मतदारसंघ म्हणजे बव्हंशी शहरच. समिती संपली असेल तर ही मते कोणाची होती? आणि समिती जिवंत असेल, तर ही माणसे सप्टेंबर 2021 मध्ये कुठे गेली होती?

माझ्या मते एप्रिलमध्ये समितीला मत देणाराच मतदार सप्टेंबरमध्ये कमळाला मत देऊन आला, आणि त्याला त्यात कोणतीही विसंगती वाटली नाही. लोकसभेच्या वेळी तो एक म्हणणे मांडत होता: आम्ही अजून इथे आहोत आणि आम्हाला विसरू नका. पालिकेच्या वेळी त्याला गटाराचे काम करून घेणारा, उताऱ्यावरचे नाव बदलून आणणारा, पावसाळ्यात नाला तुंबला तर फोन उचलणारा माणूस हवा होता. एप्रिलमध्ये त्याच्यासमोर समितीचा एकच उमेदवार होता. सप्टेंबरमध्ये अनेक प्रभागांत दोन-दोन, तीन-तीन मराठी उमेदवार होते, त्यांतला प्रत्येक जण स्वतःलाच खरा समितीनिष्ठ म्हणवत होता, आणि प्रत्येकाचे चिन्ह वेगळे होते. एका बाजूला देशभर ओळखीचे कमळ किंवा हात, आणि दुसऱ्या बाजूला प्रभागागणिक बदलणारे एखादे मुक्त चिन्ह. म्हातारी आजी मतदान यंत्रासमोर उभी राहून नेमके काय शोधणार होती?

2024 च्या लोकसभेत समितीच्या उमेदवाराला 2021 च्या जवळपासही पोहोचता आले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. म्हणजे भावना आहे म्हणून मते हमखास येतात, हा भरवसा चुकीचा आहे. उमेदवार कोण, तो किती आधी ठरला, मुकाबला कोणाशी आहे आणि मतदाराला त्या मताचा काही उपयोग दिसतो का, यांवर ती येतात किंवा जातात.

राष्ट्रीय पक्षांतल्या मराठी कार्यकर्त्यांचा युक्तिवाद याहून वेगळा आहे आणि तो दुबळा नाही. ते म्हणतात, 2023 मध्ये महापौर झालेल्या शोभा सोमनाचे मराठी, त्यांच्याबरोबरच्या उपमहापौर रेश्मा पाटील मराठी, 2025 मध्ये महापौर झालेले मंगेश पवार मराठी. मराठी माणूस सर्वोच्च पदावर बसतो आहे, सरकार दरबारी त्याची कामे होत आहेत, पालिका बरखास्त होण्याची भीती नाही. मग समिती हवी कशाला? या युक्तिवादातला खरा भाग मान्य करतो. या नगरसेवकांना मराठी मतदारांनीच निवडून दिले आहे, आणि त्यांना मराठीद्रोही म्हणणे हा त्या मतदारांचाच अपमान आहे. अशी दूषणे देऊन समितीने गेल्या काही वर्षांत स्वतःचेच नुकसान करून घेतले, असे माझे मत आहे.

पण महापौर मराठी बोलतो, एवढ्याने पालिका मराठी माणसाशी त्याच्या भाषेत बोलू लागते का? सभेची विषयपत्रिका मराठीत द्यावी, करभरणीच्या नोटिसा मराठीतही काढाव्यात, जन्म-मृत्यू नोंदणीचे अर्ज मराठीत मिळावेत, या मागण्या नव्या नाहीत आणि बेकायदाही नाहीत. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या जिथे 15 टक्के किंवा अधिक आहे, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे केंद्राने 1956 मध्ये आणि मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने 1961 मध्ये मान्य केलेले तत्त्व आहे. राज्यघटनेच्या 350 अ आणि 350 ब या कलमांनी मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणाची तरतूद केली आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमण्याची व्यवस्था केली. हे सगळे कागदावर आहे. सभागृहात उठून ते मागणारे जे मोजके समितीचे नगरसेवक आज आहेत त्यांचा आवाज संख्येअभावी विरतो, आणि ज्यांच्याकडे संख्या आहे त्यांना पक्षादेशापलीकडे जाऊन हा विषय काढता येत नाही, कारण त्यांच्या पक्षाला उरलेल्या कर्नाटकातही मते मागायची असतात. त्यांच्या निष्ठेवर मी शंका घेत नाही. त्यांची अडचण पक्षाच्या रचनेतली आहे. बेळगावच्या मराठी नगरसेवकाने कितीही मनापासून ठरवले तरी राज्यस्तरीय पक्षाच्या चौकटीत राहून तो मराठी विषयपत्रिकेसाठी सभात्याग करू शकणार नाही.

समितीनिष्ठांचा सर्वांत वजनदार आक्षेप मात्र दुसऱ्याच बाजूने येतो, आणि त्याचा विचार केल्याशिवाय हा लेख पुढे नेणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ते म्हणतात, समिती हा पक्ष नाही, ती चळवळ आहे. 1 नोव्हेंबर 1956 पासून सीमाभागातल्या माणसाला आपली इच्छा व्यक्त करायला निवडणुकीशिवाय दुसरा मार्ग दिलेला नाही. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 च्या अहवालात बेळगाव शहर कर्नाटकातच ठेवण्याची शिफारस केली, पण तिथल्या लोकांना काय हवे याचा कौल कधी घेतला नाही. महाराष्ट्राचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. अशा स्थितीत पालिकेची निवडणूक म्हणजे जनतेचा कौलच. तिला गटार आणि पाण्याच्या पातळीवर आणणे म्हणजे सीमालढ्यातल्या जानेवारी 1956 च्या आणि 1 जून 1986 च्या हुतात्म्यांशी प्रतारणा करणे होय. हिंडलग्याच्या स्मारकासमोर दरवर्षी मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकताना उत्तर द्यायला जीभ रेटत नाही. तरीही उत्तर द्यायला हवे.

प्रत्येक पालिका निवडणूक जर सीमाप्रश्नावरचा कौल असेल, तर 2021 चा निकालही कौलच मानावा लागेल. मग बेळगावनेच आपला दावा सोडला असे कोणी म्हणाले, तर आपण काय उत्तर देणार? आपण तत्काळ सांगतो की प्रभाग फोडले गेले, मतदान यंत्रांना मताची कागदी चिठ्ठी दाखवणारे व्हीव्हीपॅट जोडलेले नव्हते, पैसा वाहिला, स्थानिक प्रश्न वेगळे होते. म्हणजे जिंकलो तर जनमत आणि हरलो तर स्थानिक कारणे, अशी आपली मांडणी होते. ती न्यायालयात टिकत नाही आणि तरुणांनाही पटत नाही. सीमाप्रश्नाचा दावा भूगोल, भाषा, सीमा ठरवताना खेडे हा घटक धरण्याचे तत्त्व, सलगता आणि राज्य पुनर्रचनेच्या वेळी झालेला अन्याय यांवर उभा आहे. तो अनगोळच्या किंवा वडगावच्या एखाद्या प्रभागातल्या दोनशे मतांच्या फरकावर टांगून ठेवणे म्हणजे त्या दाव्याचेच अवमूल्यन आहे. दावा टिकवायचा असेल तर तो पालिकेच्या हारजितीपासून मोकळा करायला हवा.

प्रभाग पुनर्रचनेचा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. कोणती गल्ली कोणत्या प्रभागात घालायची आणि कोणता प्रभाग कोणत्या प्रवर्गाला राखीव ठेवायचा, हे ठरवण्याची सत्ता ज्याच्या हातात असते तो निवडणुकीचा अर्धा निकाल आधीच लिहून ठेवू शकतो. पण याच रचनेवर पुढची निवडणूक लढवायची असेल, तर तक्रार करून थांबणे परवडणारे नाही. फोडलेल्या प्रभागात जिथे मराठी मते चाळीस टक्के उरली आहेत, तिथे उरलेल्या साठ टक्क्यांतल्या काही जणांची मते मिळवल्याशिवाय जिंकता येणार नाही. खासबाग-वडगावातला कन्नड बोलणारा विणकर, कॅम्प परिसरातला उर्दू बोलणारा दुकानदार, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करणारा उत्तर भारतीय कामगार यांना समितीने आजवर काय सांगितले आहे? त्यांच्या गल्लीतही बळ्ळारी नाल्याचे पाणी शिरते. राकसकोप आणि हिडकल अशी दोन धरणे असताना त्यांच्या नळालाही दिवसाआड पाणी येते. ज्या शहरात 2008 मध्ये काही भागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला आणि ज्याची 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत निवड झाली, तिथे हे का घडते, हा प्रश्न मराठीतून विचारला तरी कन्नड माणसाला कळेल. स्मार्ट सिटीची कामे पालिकेबाहेरच्या कंपनीमार्फत झाली. त्या कंपनीच्या कारभाराचा हिशेब सभागृहात मागण्याचे काम करायला विरोधी बाकांवर शिस्तबद्ध गट असता, तर शहराने त्याला भाषा विचारली नसती.

शिस्तीचा मुद्दा मात्र चिन्हापाशी येऊन अडतो. समितीचे नगरसेवक कायद्याच्या दृष्टीने अपक्ष असतात. स्थानिक संस्थांमधील पक्षांतराला आळा घालणारा कर्नाटकाचा 1987 चा कायदा पक्षाच्या नगरसेवकाला पक्षादेशाने बांधतो. समितीने केवळ पाठिंबा दिलेल्या अपक्षाला समितीचा आदेश बांधू शकत नाही. महापौर निवडीच्या आदल्या रात्री मराठी गट फुटण्याचे प्रकार या शहराने वर्षानुवर्षे पाहिले आहेत, आणि दर वेळी त्यावर उपाय म्हणून शपथा घेतल्या गेल्या. शपथेवर चालणारी संघटना चळवळीत चालते. जिथे मतांची किंमत ठरते त्या सभागृहात ती चालत नाही. पालिकेपुरती एक शहर आघाडी रीतसर नोंदवावी, तिला एक चिन्ह मिळवावे, आणि मध्यवर्ती समितीने तिच्या पाठीशी उभे राहावे. यावर समिती फुटेल, पक्ष झाला की चळवळ मरेल, असे म्हटले जाते. इतिहास काय सांगतो ते पाहू.

1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई महापालिका जिंकली. ती समिती अनेक पक्षांची होती, त्यांच्यात टोकाचे मतभेद होते, तरीही मो. वा. दोंदे यांच्यासारखे शिक्षणक्षेत्रातले गृहस्थ आणि एस. एस. मिरजकर यांच्यासारखे कम्युनिस्ट नेते लागोपाठ महापौर झाले. हे शक्य झाले कारण घटक पक्षांनी आपापले अस्तित्व राखून जागा आणि पदे आधी वाटून घेतली होती; ऐक्य हे भाषणातले नव्हते, करारातले होते. आपण त्या समितीचा वारसा सांगतो, पण तिची ही पद्धत घेतली नाही. चळवळ आणि पालिका एकाच वेळी चालवता येते, हे मुंबईने दाखवून दिले.

दुसरे उदाहरण हैदराबादचे. बृहत् हैदराबाद महापालिकेच्या 2009 च्या निवडणुकीत 150 पैकी काँग्रेसला 52, तेलुगू देसमला 45 आणि मजलिसला (एमआयएम) 43 जागा मिळाल्या. मजलिस तिसऱ्या क्रमांकावर होती. तरीही तिने काँग्रेसशी करार केला. आधी काँग्रेसच्या बंडा कार्तिका रेड्डी महापौर झाल्या आणि 2012 मध्ये मजलिसचे माजिद हुसेन त्या पदावर आले. मजलिसच्या विचारांशी माझा काडीचाही संबंध नाही. पण तिसऱ्या क्रमांकाच्या अल्पसंख्य पक्षाला महापौरपद कसे मिळाले, याचे उत्तर तिच्या एकगठ्ठा, न फुटणाऱ्या 43 नगरसेवकांत आहे. त्यांच्याशिवाय सभागृह चालू शकत नव्हते. बेळगावात पुढच्या वेळी भाजपला पुन्हा 35 जागा मिळतीलच असे नाही. त्या तीसच्या खाली आल्या आणि समितीकडे सोळा-सतरा जणांचा न फुटणारा गट असला, तर महापौरपदाची मागणी करण्यापूर्वी समितीने स्थायी समित्या मागाव्यात. आपल्या कायद्यात करआकारणी व अर्थ, आरोग्य व शिक्षण, नगररचना आणि लेखा अशा चार स्थायी समित्या आहेत. अर्थ आणि नगररचना यांवर ज्याची पकड असते त्याला शहराच्या विकास आराखड्यात आणि अंदाजपत्रकात शब्द असतो. शहापूर-वडगाव शिवारातल्या सुपीक जमिनी, हलगा-मच्छे बायपासने ज्यांची तीन पिकांची शेते कापली ते शेतकरी, यांच्या बाजूचे ठराव आणि हरकती इथूनच पुढे जाऊ शकतात. त्या जमिनी मराठी शेतकऱ्याच्या हातून गेल्या, तर उद्या महापौर मराठी असूनही उपनगर त्याचे राहणार नाही.

तिसरे उदाहरण आपल्याकडे क्वचितच दिले जाते, कारण ते आरशात पाहण्यासारखे आहे. केरळात गेलेल्या कासरगोडच्या कन्नड भाषकांनीही आपल्यासारखीच समिती काढली होती. मंजेश्वरमधून 1957 मध्ये कर्नाटकात विलीन होण्याच्या बाजूचे एम. उमेश राव बिनविरोध विधानसभेवर गेले, नंतर महाबल भंडारी निवडून आले. महाजन आयोगाने चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भाग कर्नाटकाला द्यावा, असेही सांगितले. प्रत्यक्षात काहीच बदलले नाही, आणि 1970 पासून ती जागा कम्युनिस्टांकडे व नंतर मुस्लिम लीगकडे गेली. कर्नाटक समिती राजकारणातून ओसरली. समिती संपवा म्हणणारे हे उदाहरण वापरू शकतील. पण केरळने 1969 च्या आपल्या राजभाषा कायद्यातच तमिळ आणि कन्नड अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत सरकारशी पत्रव्यवहार करण्याचा हक्क लिहून ठेवला होता. त्यांची समिती गेली तेव्हा मागे कायदा उरला. बेळगावात समिती गेली तर मागे काय उरेल? फलकांवर साठ टक्के कन्नड सक्तीचा 2024 चा कायदा उरेल, आणि 15 टक्क्यांचा निकष सभागृहात मागायला एकही माणूस नसेल. कासरगोडच्या कन्नड माणसाला जे मिळाले तेच बेळगावच्या मराठी माणसाला द्या, ही मागणी कर्नाटकाच्या कोणत्याही सरकारला तत्त्वाने नाकारता येणार नाही. ती महापालिकेच्या ठरावातून, आकडेवारीसह, दर वर्षी बंगळूरला जायला हवी. असा ठराव बरखास्तीचे निमित्त होऊ शकत नाही, कारण तो राज्याची सीमा बदला असे म्हणत नाही; राज्यघटनेने दिलेले द्या, एवढेच म्हणतो.

यावर कोणी म्हणेल की अशाने आपण कर्नाटक मान्य केले असा अर्थ निघेल. न्यायालयात दावा चालू असताना भाषिक हक्क मागणे म्हणजे दावा सोडणे नव्हे; कूळ मालकीचा दावा लढत असताना विहिरीचे पाणीही मागते. दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात, फक्त ती वेगवेगळ्या ठिकाणी करावी लागतात: विलीनीकरणाची मागणी काळ्या दिनाच्या फेरीत, मध्यवर्ती समितीच्या व्यासपीठावर, महाराष्ट्राच्या विधिमंडळात आणि सर्वोच्च न्यायालयात, आणि विषयपत्रिकेची, पाण्याची, नाल्याची मागणी पालिकेत.

विद्यमान सभागृहाची पहिली सभा फेब्रुवारी 2023 मध्ये झाली, म्हणजे त्याची मुदत 2028 च्या आरंभी संपेल. त्याआधी प्रभागांच्या आणि आरक्षणाच्या मसुद्यावर हरकती घेण्यासाठी मोजकेच दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत प्रत्येक प्रभागाचा नकाशा, मतदार यादी आणि जातनिहाय आकडे हाती तयार असावे लागतात. नंतर धारवाडच्या खंडपीठात धाव घेऊन निवडणूक लांबवता येते, पण रचना सहसा बदलून मिळत नाही. समितीच्या युवा कार्यकर्त्यांनी हे काम आता हाती घ्यावे. उमेदवारही निवडणुकीच्या तोंडावर गल्लीच्या पंचांच्या बैठकीत ठरवू नयेत. प्रत्येक प्रभागात किमान वर्षभर आधी एक नाव जाहीर व्हावे, त्यात दलित, आदिवासी आणि मुस्लिम कार्यकर्ते असावेत, आणि त्या माणसाने ते वर्ष पाणीपट्टीच्या रांगेत, नाल्याच्या कडेला आणि पालिकेच्या खिडकीसमोर लोकांबरोबर काढावे. ज्या प्रभागात एका नावावर एकमत होत नाही, तिथे समितीने कोणालाच पाठिंबा न देण्याचे धैर्य दाखवावे आणि तसे आधीच जाहीर करावे.